भांड्याखालचं नाव

'कॅसरोल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? माझ्या डोळ्यांपुढे तरी गरम पोळ्यांचा डबा येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे घरोघरी पोचलेला, बाहेरून रंगीत प्लास्टिकचा, लग्नाच्या आहेरात एकाच जोडप्याला चार-चार मिळणारा. पोळ्या गरम ठेवणारा आणि तळाच्या दोन पोळ्यांना हमखास घाम फोडणारा! अमेरिकन माणसाला हाच शब्द सांगितला तर त्याला डबा नाही, पदार्थ आठवतो. काचेच्या खोलगट भांड्यात भाजी, मांस, नूडल्स किंवा भात एकत्र कालवून, वर काहीतरी कुरकुरीत पसरून ओव्हनमध्ये भाजलेला. आणि फ्रेंच माणसाला विचारलं तर तो लांब दांड्याचं पातेलं दाखवील. शब्द मूळचा त्याचाच, तेव्हा तोच बरोबर म्हणायला हवा.

म्हणजे आधी भांडं, मग पदार्थ, आणि आपल्याकडे येईपर्यंत पुन्हा भांडं. गंमत आहे की नाही? अर्थात भांड्याचं नाव पदार्थाला देणं आपल्यालाही नवीन नाही. हॉटेलात 'हंडी' मागवली म्हणून कोणी मडकं खात नाही. पण मला या पदार्थाच्या इतिहासाचा नाद लागला तो शब्दामुळे नव्हे. दिसायला जरा गबाळ्याच असलेल्या या पदार्थात अमेरिकेतल्या बायकांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास थरावर थर देऊन बसवलेला आहे. त्यात काच आहे, डबाबंद सूप आहे, मंदी आहे, महायुद्ध आहे, आणि मरणही आहे. सांगते.

१८९६ साली फॅनी फार्मर यांचं 'बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' निघालं. कप आणि चमचे काठोकाठ सपाट करून मोजायचे, अंदाजपंचे नाही, ही सवय अमेरिकन घरांना लावणारं हे पुस्तक. त्यात भात आणि मांसाच्या कॅसरोलची कृती आहे. साच्याला आतून शिजवलेल्या भाताचा थर द्यायचा, पोटात आधीचं शिजलेलं थंड मटण बारीक चिरून, मसाला लावून भरायचं, वरून पुन्हा भात, आणि पाऊण तास वाफवायचं. सोबत टोमॅटोचा सॉस. फोडणीची पोळी आणि उरलेल्या भाताचे वडे करणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही. कालच्या उरलेल्याला आज नवे कपडे घालायचे, की पानावर बसलेल्याला कळू नये. कॅसरोलचा जन्म असा काटकसरीतला आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच पदार्थाला आळशी बायकांचा पदार्थ म्हणून नावं ठेवली गेली.

तरी तोवर कॅसरोल घरातच होता. तो घराबाहेर पडला काचेमुळे.

न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचं गाव आहे, काचेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. त्या काळी रेल्वेच्या कंदिलांच्या काचा आतल्या दिव्यानं तापायच्या आणि वर गार पाऊस पडला की ताडकन फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून कॉर्निंगच्या लोकांनी ऊन-गारव्याच्या धक्क्याला दाद न देणारी बोरोसिलिकेट काच बनवली होती. तिथल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाच्या घरी, १९१३ साली, त्याच्या बायकोचं, म्हणजे बेसी लिटलटनचं, मातीचं कॅसरोल ओव्हनमध्ये तडकलं. तिनं नवऱ्याला कारखान्यातून काहीतरी टिकाऊ आणायला सांगितलं. त्यानं बॅटरीच्या काचेच्या बरण्यांचे तळ कापून आणले आणि बेसीबाईंनी त्यात चक्क केक भाजला. केक सगळीकडून सारखा भाजला गेला, भांड्याला चिकटला नाही, आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसत होतं! त्यातून १९१५ साली 'पायरेक्स' बाजारात आलं. (आपल्याकडचं 'बोरोसिल' हे नावही याच काचेवरून आलेलं. ती कंपनी १९६२ साली निघाली तीच मुळी कॉर्निंगच्या सहकार्यानं.)

कारखान्यात एवढे शास्त्रज्ञ असताना या काचेचा उपयोग स्वयंपाकघरात करून पाहिला तो एका बाईनं, स्वतःच्या ओट्याशी. आणि तिनं करून काय ठेवलं ते पाहा. ज्या भांड्यात कालवायचं त्यातच भाजायचं, त्यातच वाढायचं, आणि झाकण घातलं की त्यातच दुसऱ्याच्या घरी न्यायचं. चार भांड्यांचं काम एकात. पदार्थाला पाय फुटले.

दुसरा थर सूपचा. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी कॅम्पबेल कंपनीत जॉन डॉरन्स नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ आठवड्याला साडेसात डॉलरवर लागला. जर्मनीतून डॉक्टरेट करून आलेला! सूपच्या डब्यात बहुतेक पाणीच असतं आणि आपण वाहतुकीचे पैसे पाण्यासाठी मोजतो, हे त्याच्या ध्यानात आलं. १८९७ साली त्यानं पाणी कमी करून दाट सूप डब्यात भरलं. घरी नेऊन पाणी घाला, झालं. डबा लहान झाला, किंमत दहा सेंटवर आली. पण कॅसरोलच्या दृष्टीनं खरं वर्ष १९३४. त्या वर्षी 'क्रीम ऑफ मश्रूम' आलं, आणि बायकांनी त्याचं सूप करून प्यायचं सोडून त्याचा सॉस करून टाकला.

व्हाइट सॉस ज्यांनी केला आहे त्यांना याचं महत्त्व पटेल. लोण्यात मैदा परतायचा, तो लाल होऊ द्यायचा नाही, मग दूध थोडं-थोडं ओतत ढवळत राहायचं. मध्ये दार वाजलं, पोर रडलं, की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. डबा उघडला की हे सगळं टळतं. भाजी, नूडल्स, मांस यांना एकत्र बांधून ठेवायचं काम तो डबा करतो. मिनेसोटा राज्यात लुथरन पंथाची वस्ती मोठी, तिथे तर या सूपला 'लुथरन बाइंडर' असं टोपणनावच पडलं. आपण 'लुथरन लोकांचा गोंद' म्हणू या.

त्याच मिनेसोटात कॅसरोलला 'हॉटडिश' म्हणतात. या नावाची सर्वांत जुनी म्हणून दाखवली जाणारी छापील कृती १९३० सालची आहे, मॅन्काटो गावच्या ग्रेस लुथरन चर्चच्या महिला मंडळाच्या पुस्तकातली. खिमा, कांदा, सेलरी, मॅकरोनी, डब्यातले मटार आणि डब्यातलं टोमॅटो सूप. सालाकडे बघा. शेअर बाजार कोसळून वर्षही झालेलं नव्हतं किंवा जेमतेम झालेलं होतं. थोडं मांस, बरीच मॅकरोनी, आणि एका भांड्यात दहा माणसं जेवतील एवढा ऐवज. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मार्चपासून, अमेरिकेत डबाबंद अन्न, मांस, लोणी, चीज हे सगळं रेशनवर गेलं. तेव्हाही हेच गणित उपयोगी पडलं. आणि बटाट्याच्या त्या कुरकुरीत गोळ्या, 'टेटर टॉट्स', ज्या आज हॉटडिशवर ओळीनं मांडतात, त्यासुद्धा काटकसरीच्याच. १९५३ साली ओरेगनमधल्या ओर-आयडा कंपनीनं फ्रेंच फ्राइज कापून उरलेल्या बटाट्याच्या चुऱ्याचं काय करायचं म्हणून त्या काढल्या. उरलेल्याला नवे कपडे!

मी काही वर्षं मिनेसोटात होते. २००६ च्या जानेवारीत तिथे असताना नाशिकहून बाबा गेल्याचा फोन आला. मला पोचायला दोन दिवस लागणार होते, तोवर थांबणं शक्य नव्हतं, आणि 'तू आता धावपळ करू नकोस' असं आईनंच सांगितलं. घरात मी, नवरा आणि चार वर्षांचा मुलगा. बाहेर गुडघाभर बर्फ. संध्याकाळी बेल वाजली. शेजारच्या सत्तरीच्या बाई दारात उभ्या होत्या, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काचेचं भांडं. आत आल्या नाहीत. माझ्या हाताला हात लावला, भांडं दिलं आणि गेल्या. वरच्या फॉइलवर चिठ्ठी चिकटवली होती: साडेतीनशे डिग्री, तीस मिनिटं. आत नूडल्स, मटार, मश्रूमचं सूप, वर चुरलेले बटाट्याचे वेफर्स. नेहमी त्या यात टूना घालत. या वेळी मासाही नव्हता, मांसही नव्हतं. अशा वेळी आपण काय खातो, काय नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनानंच ते वगळलं.

आपल्याकडे मरणाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी-सोयरे पिठलं-भात, भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. नाशिकला आईपुढे त्या दिवशी कोणीतरी पिठलं-भात ठेवला असणार. बारा-तेरा हजार किलोमीटरांवर, 'कडू घास' हा शब्द जन्मात न ऐकलेल्या एका बाईनं तोच माझ्यापुढे ठेवला. तो घास फार खारट होता, नूडल्स जरा जास्त शिजल्या होत्या, आणि आम्ही तिघांनी भांडं पुसून खाल्लं.

भांडं घासताना तळाला चिकटवलेली पट्टी दिसली. पेनानं नाव लिहिलं होतं, फक्त पहिलं. इतकं वापरूनही ते पुसलं गेलं नव्हतं. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून पुढे महिन्याभरानं मी त्यात मसालेभात भरून दिला. बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "अरे वा, ही तर तुमच्याकडची हॉटडिश!" काय चुकीचं होतं त्यात?

असो. तर १९५५. कॅम्पबेलच्या कॅम्डेनमधल्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली ही गृहविज्ञान शिकलेली बाई काम करत होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका लेखासाठी कृती हवी होती. अट एवढीच की जिन्नस कोणाच्याही घरात असतील असे हवेत. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी फरसबी, मश्रूम सूप, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा अशी सहा जिन्नसांची कृती बसवली. हाच तो अमेरिकेचा सुप्रसिद्ध ग्रीन बीन कॅसरोल. आज थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर तो नसेल तर लोकांना चुकल्यासारखं होतं. (फरसबी हे नावसुद्धा 'फ्रेंच बीन'चंच मराठी रूप. आणि तळलेला कांदा तर आपल्या बिर्याणीवरचाच.) तिच्या कृतीचं मूळ कार्ड कंपनीनं २००२ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमला दिलं. रायलीबाई २०१८ साली, ९२ व्या वर्षी वारल्या. गंमत म्हणजे ही कृती केल्याचा दिवस त्यांना नंतर आठवतच नव्हता. रोजच्या शेकडो प्रयोगांपैकी तो एक. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्या बाईला अमुक दिवशी केलेली भाजी आठवते?

आता मुद्द्याचा प्रश्न. डबा उघडून केलेला पदार्थ घरचा म्हणायचा का?

अमेरिकेत याची दोन उत्तरं जवळजवळ एकाच वेळी आली. १९६० साली पेग ब्रॅकन या बाईनं 'द आय हेट टू कुक बुक' लिहिलं. स्वयंपाकाचा कंटाळा येतो असं उघड म्हणणारं पुस्तक! बऱ्याच पुरुष संपादकांनी ते नाकारलं. शेवटी एका स्त्री संपादकानं घेतलं आणि पुढे त्याच्या तीस लाखांवर प्रती खपल्या. त्यातल्या कृतींत मश्रूम सूपचे डबे सढळ हातानं ओतलेले आहेत. दुसऱ्याच वर्षी, १९६१ मध्ये, ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहकारी बायकांचं फ्रेंच पाककलेचं पुस्तक आलं. तिथे सॉस डब्यातून ओतायचा नाही, स्वतः ढवळायचा. १९७१ साली अ‍ॅलिस वॉटर्स यांनी कॅलिफोर्नियात बर्कलीला 'शे पनीस' हे हॉटेल काढलं आणि ताजी, मोसमातली, जवळच्या शेतातली भाजी हा जणू नवा धर्म झाला. त्यानंतर कॅसरोलची टिंगल सुरू झाली. गावंढळ, चिकट, करडा पदार्थ.

मी स्वतः तो ताज्या जिन्नसांचा करते. तुम्हालाही सांगते, सोपा आहे. अर्धा किलो कोवळी फरसबी मोडून मिठाच्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची, रंग टिकतो. पाव किलो मश्रूम लोण्यावर परतायचे, त्यांचं पाणी सुटून आटेपर्यंत. घाई करू नका, सगळी चव तिथे आहे. त्यातच दोन मोठे चमचे मैदा परतून दीड कप दूध हळूहळू घालायचं, मीठ, मिरपूड, किंचित जायफळ. फरसबी मिसळून काचेच्या भांड्यात घालायची. वर दोन कांदे पातळ चिरून, कुरकुरीत तळून. १८० सेल्सिअसला अर्धा तास, कडेनं बुडबुडे येईपर्यंत. चव डब्यापेक्षा कितीतरी चांगली, यात वादच नाही. फरसबीला फरसबीची चव असते, मश्रूमला मश्रूमची.

पण घड्याळ लावून बघा. माझ्या कॅसरोलला तयारीपासून दीड तास जातो. रायलीबाईंच्या कृतीला तयारीची दहा मिनिटं आणि ओव्हनची तीस. मधली पन्नास मिनिटं कोणाची? माझ्याकडे रविवारी ती असतात, म्हणून मला ताजं-ताजं करता येतं. १९५५ सालच्या तीन पोरांच्या आईकडे ती होती का? मंदीत धुणीभांडी करून घरी येणाऱ्या बाईकडे होती का? डब्यावर नाक मुरडणारे लोक त्या पन्नास मिनिटांचा हिशेब सहसा मांडत नाहीत. आणि दुसऱ्या बाजूनं, डबा विकणाऱ्या कंपन्या तो हिशेब नको इतका चोख मांडत होत्या. लॉरा शॅपिरो यांनी २००४ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की अमेरिकन बायका तयार अन्नावर काही तुटून पडल्या नव्हत्या. त्या बराच काळ साशंक होत्या. तुम्हाला स्वयंपाक नकोच आहे, असं त्यांना कंपन्यांनी आणि जाहिरातींनी वर्षानुवर्षं ऐकवलं.

म्हणून मला वाटतं, ताजं की डब्यातलं या वादात कॅसरोल नीट पकडता येत नाही. ताजं चांगलंच, त्याचे फायदे मी तुम्हाला काय सांगू! पण या पदार्थानं दिलासा दिला तो ताजेपणामुळे नव्हे. तो उरलेल्यातून झाला, टंचाईत वाढला, आणि एका घरून दुसऱ्या घरी जाता यावा अशाच बेतानं घडला. बाळंतिणीकडे, आजाऱ्याकडे, मयताच्या घरी. कोणीतरी आपली चाळीस मिनिटं किंवा दीड तास आपल्याला दिला, हे त्या भांड्यातून पोचतं. ज्याला पोचवायचं त्याला ते गरम असताना पोचलं म्हणजे झालं.

आणि हा वेळ कोणी दिला हे इतिहासाला विचारायला गेलं तर पंचाईत होते. अमेरिकेत बायकांनी मिळून पाककृतींची पुस्तकं छापायची आणि त्या पैशांतून धर्मकार्य करायचं, ही प्रथा यादवी युद्धापासूनची. मारिया मॉस यांचं १८६४ सालचं पुस्तक त्यातलं पहिलं मानतात. फिलाडेल्फियाच्या जत्रेत सैनिकांच्या मदतीसाठी ते विकलं गेलं. पुढे गावोगावच्या चर्चमंडळांनी अशी असंख्य पुस्तकं काढली, मॅन्काटोचं त्यातलंच एक. जुन्या पुस्तकांत कृतीखाली बाईचं नाव असतं, पण ते कसं? 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं संपूर्ण नाव. हॉटडिश बाईची, सही नवऱ्याची! आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका आणि पाट्या आठवल्या तर आपल्यालाही हसता येणार नाही.

बाईचं स्वतःचं नाव त्या काळात कुठे सापडतं, तर चर्चच्या स्वयंपाकघरात. जेवण आटोपल्यावर सारखी दिसणारी पंधरा-वीस काचेची भांडी ओट्यावर पालथी पडतात, आणि कोणतं कोणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकीनं तळाला पट्टी चिकटवलेली असते. तिथे 'मिसेस अमुक' लिहून कोणी जागा वाया घालवत नाही. भांडं आपलं, नाव आपलं.